धोतराखाली बूट

पितळेच्या पत्र्यावर रक्त दाखवता येत नाही. रक्त, पाणी, तेल, घाम, सगळ्याला एकच रेघ. म्हणून आम्ही कोरणारे लोक माणूस मरताना दाखवायचा झाला की त्याचे दोन्ही हात वर करतो, तोंड उघडं ठेवतो आणि मागं धुराचा लोट काढतो. बघणाऱ्याला कळतं, मेला. मी पन्नास वर्षं हे काम केलं. शिक्षण चौथी. लिहिण्यात चुका होतील, त्या खपवून घ्या. पण एक चूक मी पितळेवर केली, ती माझ्या बायकोनं शेवटपर्यंत खपवून घेतली नाही. त्या चुकीपायी ती मरायला टेकली असताना मी तिच्याशी खोटं बोललो. ती गेल्यावर ते खोटं खरं करायला मी तिच्या माहेरी गेलो. त्याचीच ही हकीकत.

मी कोरणी हातात धरली वाईत. घाटाजवळ भांड्यांचं एक दुकान होतं. तिथं आधी लग्नातल्या ताटांवर, घागरींवर नावं घालायचो, टिंबाला टिंब लावून. मग मालकानं चित्रांच्या पत्र्यावर बसवलं. गड बघून येणारे लोक परतताना पत्रा घेऊन जायचे. त्यावर गडाखालची ती भेट असायची. मिठी, वाघनखं, मागं शामियाना. ती मी इतक्या वेळा कोरली की डोळे झाकून कोरीन. मालक सांगायचे, "शामियान्याच्या दोऱ्या सरळ आल्या पायजेत रं. मरणाऱ्याच्या तोंडाकडं कोन बघत न्हाई. दोरी वाकडी झाली की गिऱ्हाईक परत आनतंय." आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत मरणाऱ्याचं तोंड चुकलं म्हणून एकही पत्रा परत आला नाही.

आणखी एक गोष्ट तिथं शिकलो. धूर ही कोरणाऱ्याची सोय आहे. हाताची बोटं जमत नाहीत? धूर काढा. घोड्याचा मागचा पाय जमत नाही? धूर काढा. जुन्या लढायांची चित्रं नीट बघा. जिथं जिथं धूर आहे तिथं कोरणाऱ्याला काहीतरी येत नव्हतं.

लग्न झाल्यावर मी सांगलीला आलो आणि भांड्यांच्या गल्लीत स्वतःचा पाट मांडला. बायको कुंडलच्या बाजूच्या एका गावची. तिचा बाप बेचाळीसच्या चळवळीत गेला. कचेरीवर मोर्चा निघाला, गोळी चालली, त्यात पडला. ही तेव्हा पाळण्यात होती. तिनं बाप पाहिला नाही. फोटोही नव्हता, कारण त्या काळी शेतकऱ्याचा फोटो कोण काढतंय. बापाची म्हणून तिच्याकडं एकच वस्तू होती, पायताणाचा जोड.

त्याची गोष्ट अशी. मोर्चाच्या दोन दिवस आधी सासऱ्याच्या पायताणाचा अंगठा तुटला, म्हणून त्यानं जोड शिवायला टाकला. मोर्चाला गेला तो अनवाणी. नंतर ज्यानं पायताण शिवलं तो माणूस जोड घेऊन घरी आला, उंबऱ्याजवळ ठेवला आणि निघून गेला. सासूनं तो जोड फडक्यात बांधून ठेवला आणि लग्नात लेकीबरोबर पाठवला. चामड्यावर पायाचा ठसा बसला होता. टाचेचा खळगा, बोटांचे डाग. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं, ते साफ दिसायचं. बायको म्हणायची, "लहानपनी मी ह्यात पाय घालून अंगनात फिरायची. माझं पाऊल टाचंपासनं निम्म्यात संपायचं." तिला बाप कळला तो पायाकडून.

चाळीसएक वर्षांपूर्वी गावात स्मारक बांधायचं ठरलं. भिंतीवर पितळेचा मोठा पत्रा, त्यावर गोळीबाराचा प्रसंग. गावचा जावईच कोरणारा म्हटल्यावर काम माझ्याकडं आलं. चित्र कसं काढायचं ते मला माहीत नव्हतं. मी काही तिथं नव्हतो. शाळेतल्या मास्तरांनी कुठल्याशा जाड इंग्रजी पुस्तकातलं एक पान आणून दिलं. परदेशातल्या कुठल्या तरी शहरातला रस्ता. एका बाजूला शिपायांची रांग, बंदुका रोखलेल्या, कोबीच्या गड्ड्यासारखा धूर. दुसऱ्या बाजूला पळणारी माणसं आणि मधोमध एक जण हात फेकून मागं पडतोय. मी विचारलं, "ह्यी मानसं कुठली?" मास्तर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? गोळीबार तो गोळीबार. टोप्या बदला, झेंडा द्या, झालं."

ते चित्र चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. ज्यानं कोरलं त्याचा हात माझ्यापेक्षा दहा पटींनी तयार. मी त्याचं बोट धरून चाललो. हॅट काढून पागोटी आणि पांढऱ्या टोप्या घातल्या. कोटाच्या जागी बंडी, विजारीच्या जागी धोतर. पडणाऱ्याच्या हातात झेंडा दिला. वरून खाली येत गेलो. उद्घाटनाचा दिवस जवळ आला होता, पाय सगळ्यात शेवटी राहिले. रात्रंदिवस त्या पानाकडं बघून बघून माझा डोळा त्याच्या मालकीचा झाला होता. मूळ चित्रात प्रत्येकाच्या पायात बूट. मी धोतराखाली बूट कोरले. आठ माणसं, सोळा बूट. वर त्यांच्या नाड्याही कोरल्या, कारण बारीक रेघ जमली की कोरणाऱ्याला मस्ती येते.

उद्घाटनाला पाहुणे आले, पडदा ओढला, टाळ्या झाल्या. लोक चहाला गेल्यावर बायको पत्र्याजवळ आली. मी शेजारी छाती काढून उभा. ती वाकली, पत्र्याला हात लावला. मला वाटलं, बाप आठवला असेल.

"आवं, ह्ये काय?"

"काय?"

"माझ्या बाच्या पायात बूट कवा आलं?"

मी बघितलं, चूक माझी होती. पण तोंडानं म्हणालो, "चित्रात तसंच असतंय."

"नाड्या बी बांधल्यात! गाठ तरी बघा. आमच्या गावात नाडीचा बूट बांधाया येनारा एक मानूस दावा मला, आत्ताच्या आत्ता."

"हळू बोल. लोक ऐकत्याल."

"ऐकू देत की. काढा त्ये."

कोरलेलं काढता येत नाही, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं आणि पुढं चाळीस वर्षं सांगत राहिलो. ते अर्धं खरं होतं. पत्रा पात्यानं खरवडून रेघ घालवता येते. मग तिथं घोटून घ्यायचं आणि नवी रेघ मारायची. जागा जरा खोल दिसते, एवढंच. पण त्यासाठी गावाला सांगावं लागलं असतं की मी चुकलो. सासरवाडीत जावयाला पाटावर बसवतात, आधी त्याला वाढतात, त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. तिथं चारचौघांत उभं राहून 'मी तुमच्या हुतात्म्याला बूट घातले' म्हणायचं? माझ्यानं झालं नाही. कोण बघतंय पायाकडं, असं स्वतःला सांगत राहिलो. आणि खरंच, तिच्याशिवाय कुणी बघितलं नाही. चिंच लावून दरवर्षी पत्रा घासला, हार घातले, भाषणं झाली. बूट चकाकत राहिले.

ती मात्र सोडायची नाही. भाकरी थापता थापता मधेच म्हणायची, "तुमच्या चित्रात त्यो नुसता पडतोयच. इतकी वर्सं झाली, खाली टेकू दिला न्हाई तुमी त्याला." मी म्हणायचो, "चित्रात असंच दावत्यात." ती म्हणायची, "माझी आई दुसऱ्या दिवशी त्याला आनाया गेली तवा गार पडल्याला हुता. पाय गाडीच्या भाईर आलं हुतं. तळव्याला माती तशीच. त्ये का कोन काढत न्हाई?" मी म्हणायचो, "गार पडलेल्या मानसाचा पत्रा भिंतीला कोन लावील?" त्यावर ती परत भाकरी थापायला लागायची. आता एकट्यानं जेवताना वाटतं, ती बरोबर होती. आम्ही कोरणारे बार उडाल्यावर एका क्षणात थांबतो. धूर असतो, ओरडणं असतं, हात वर असतात. गाडीतून घरी आणणं, पाय आत सरकवणं, त्याला कुणाचा पत्रा नाही. तेवढं काम बाया करतात.

महापुरात आमच्या खोलीत पाणी शिरलं, त्यात पायताणं गेली. भांडी गेली, गाद्या गेल्या, तिचं लुगड्यांचं गाठोडं गेलं. ती फक्त पायताणांसाठी रडली.

नंतर मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला लागली. शेवटच्या महिन्यांत डोकं कमी झालं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवायचं नाही. मला कधी भाऊ समजायची. पण बूट आठवायचे. एका दुपारी डोळे उघडून विचारलं, "काढलं का वं?"

मला वाटलं, काय मोठं आहे. एक शब्द.

"काढलं," मी म्हणालो.

"बरं क्येलं." थोड्या वेळानं, "बोटं नीट काढली न्हवं? अंगठ्याशेजारचं लांब हाय."

"व्हय. लांब काढलंय."

चार दिवसांनी मी दळण आणायला गिरणीत गेलो. गर्दी होती, वेळ लागला. परत आलो तेव्हा शेजारीण दारात उभी होती, आणि ती बोलायच्या आधीच मला समजलं. पिठाचा डबा हातात होता. तो गरम होता. मी तो कुठं ठेवला, नंतर दोन दिवस सापडला नाही.

ती गेल्यावर सहा-सात महिन्यांनी तिच्या चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. तो मला मामा म्हणतो, स्मारकाचं सगळं आता तोच बघतो. "मामा, आनंदाची बातमी हाय. पत्रा काढून आपन काळ्या ग्रॅनाइटवर चित्र घेतोय. कॉम्प्युटर कोरतंय आता, तुमच्याच पत्र्याचा फोटो काढून. जसंच्या तसं. शे-दोनशे वर्सं हलनार न्हाई बघा."

मी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. पितळ एक दिवस झिजलं असतं, बुटांच्या नाड्या पुसल्या असत्या. दगडात गेल्यावर संपलं. मी तिला सांगितलं होतं, काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. पिशवीत दोन कोरण्या, खरवडायचं पातं, घोटायची सळई, छोटी हातोडी. बरीच वर्षं हात लावला नव्हता. आदल्या संध्याकाळी दगडावर धार लावताना अंगठा कापला.

स्मारकाच्या ओसरीत भाचा होता आणि कमिटीचा सेक्रेटरी होता, पलटणीतून पेन्शनीत आलेला सुभेदार. पत्रा आधीच भिंतीवरनं उतरवून टेबलावर ठेवलेला.

"या पाव्हणं, या," सुभेदार म्हणाला. "टाइमावर आला. उद्या दुपारी फोटोवाला येतोय."

मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "ह्यात माझी चूक हाय. ह्येंच्या पायात बूट नव्हतं. मी चुकीनं घातलं. मला त्ये काढायचंत."

दोघं वाकून पत्र्याकडं बघायला लागले. मग भाचा हसायला लागला. "आयला, खरंच की! मामा, जन्मापास्नं बघतोय, ध्यानात न्हाई आलं."

सुभेदार हसला नाही. "एक बात सांगू का, पाव्हणं? ह्ये बूट बघून मी भरतीला गेलो. मला वाटायचं, आपल्या गावची मानसं लष्करातली हुती. कसलं परफेक्ट बूट! परेडला चालत्याल. आता तुमी म्हनताय, नव्हतंच."

"नव्हतंच."

"मंग मी आपली फुकटच चोवीस वर्सं पॉलिश मारली म्हनायची." हे म्हणताना त्याचं तोंड वाकडं झालं. थट्टा करत होता का दुखावला होता, मला कळलं नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ दे. कोन बघतंय पाय? लोक झेंडा बघत्यात. तुमी जावई, तुमी कशाला चूक म्हनून घेताय? ह्या वयात हात कापून घ्याल."

"तुझी आत्या बघायची," मी म्हणालो. "मरताना तिनं इचारलं, काढलं का. मी हो म्हनलं."

मग सुभेदारानं बाहेर जाऊन कुणाला तरी ओरडून चहा सांगितला, आणि भाच्यानं टेबल उचलून उजेडाला घेतलं.

मी लगेच बसलो. आठ जणांचे सोळा बूट, आणि हातात एक दिवस. तेव्हाच कळलं की सगळे होणार नाहीत. मधल्यापासून सुरू केलं, पडणाऱ्यापासून. गाव त्यालाच माझा सासरा समजतं, कारण त्या दिवशी या गावचा तो एकटाच गेला. पातं लावलं की पहिल्यांदा काहीच निघेना. मग हळूहळू नाडी गेली, मग टाच. पितळेचा भुगा मांडीवर पडत होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही बूट गेले आणि तिथं दोन उथळ खळगे उरले. चिमटीएवढं काम, पण माझी मान मोडली. रात्री भाच्याच्या घरी जेवलो. त्याच्या बायकोनं पाटावर बसवलं, भाकरीवर तूप घातलं.

सकाळी पाय कोरायला घेतले. मी अनवाणी पाय कधी कोरलेच नव्हते. देवाचे पाय कोरले होते, पण देवाच्या पायाला टाच फुटत नाही. समोर काही नमुना नव्हता. पायताण तर पुरात गेलं. डोळे मिटून चामड्यावरचा तो ठसा आठवायचो आणि उघडून एक रेघ मारायचो. उजवा पाय बरा आला. अंगठ्याशेजारचं बोट लांब काढलं. डाव्या पायाला टाचेशी कोरणी निसटली आणि रेघ लांब जमिनीवर गेली. मी तिथं एक धोंडा काढला. चित्रात धोंडा कधी नव्हता. रस्त्यात धोंडे असणारच.

दुसऱ्या माणसाच्या बुटाला पातं लावलं आणि हात थांबला. मनगटच वळेना. सुभेदारानं माझं मनगट चोळून दिलं, गरम फडकं बांधलं. उपयोग झाला नाही. दुपारी फोटोवाला आला, चुणचुणीत तरुण. म्हणाला, "आजोबा, इथं खड्डे पडलेत. कॉम्प्युटरवर भरून सरळ करतो."

"भर," मी म्हणालो. "पर पायाला हात लावू नगंस."

"न्हाई लावत."

"बोट लांब हाय त्ये चुकून न्हाई झाल्यालं. लांबच हाय त्ये."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं.

दगड बसला त्या दिवशी मला बोलावणं आलं. जावई म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. काळ्या दगडावर पांढऱ्या रेघा लखलखत होत्या. पाय लांबूनही दिसत होते. बुटांच्या गर्दीत दोन उघडे पाय, लक्ष जायचंच. भाषणाला आलेल्या माणसाचंही गेलं. तो म्हणाला, "बंधूंनो, चित्र बघा. सगळ्यांच्या पायात बूट आहेत, पण या वीरानं मातृभूमीच्या अंगावर पाय ठेवायचा म्हणून आपली पायताणं काढून ठेवली होती!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायांनी डोळे पुसले.

मी शेजारच्या भाच्याला म्हणालो, "अरं, पायताण शिवायला टाकलं हुतं त्यानं."

"मामा, गप बसा," तो कुजबुजला. "चांगलं बोलला की त्यो."

"तसं नव्हतं पर."

"आता तसंच हाय."

मी मांडीवरचा नारळ सावरला. बोलून काय करणार होतो? माझ्याच हातानं मी त्याला एकट्याला अनवाणी केलं, मग लोक त्याला कारण शोधणारच. एका जागी खोटं काढलं ते दुसऱ्या जागी जाऊन बसलं.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ती शेजारी असती तर काय म्हणाली असती, ते मला सबंध वाटेत ऐकू येत होतं. बाचे पाय बघून खूश झाली असती, क्षणभर. मग लगेच म्हणाली असती, "आन् बाकीच्यांचं? त्येंच्या पायात तरी बूट कुठं हुतं?" मी वैतागून म्हणालो असतो, "त्येंच्या लेकींनी आपापल्या नवऱ्याला सांगावं." मग ती दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. तिसऱ्या दिवशी बोलली असती.